डायलिसिसच्या रुग्णाला खोकला-ताप आला तर: सीमाभागातील घरांसाठी आधी करून ठेवायची तयारी

सर्दी-खोकल्याचे दिवस आले की आपल्याकडे घरोघरी ठरलेले उपाय सुरू होतात: आल्याचा काढा, जितके पिता येईल तितके गरम पाणी, अशक्तपणा येऊ नये म्हणून शहाळे, आणि दोन दिवसांत उतार पडला नाही तर गावातल्या दवाखान्यात एक इंजेक्शन व एक सलाईन. धडधाकट माणसाला यांतले बहुतेक सगळे सोसते. ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि जो आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसच्या यंत्रावर असतो, त्याच्या बाबतीत मात्र यांतला जवळजवळ प्रत्येक उपाय उलटतो. लघवीवाटे पाणी बाहेर पडत नसल्यामुळे जादा प्यालेले पाणी अंगात आणि शेवटी फुफ्फुसांत साचते. शहाळ्यातले पोटॅशियम रक्तात वाढून हृदयाचे ठोके बिघडवू शकते. आणि सलाईनची अर्ध्या लिटरची एक बाटली म्हणजे पाण्याबरोबर साडेचार ग्रॅम मीठही शरीरात ओतणे होय. म्हणून ताप आल्यावर काय करायचे, हे या घरांनी ताप येण्याआधीच ठरवून ठेवायला हवे, कारण ऐनवेळी शेजारीपाजारी जे सुचवतील ते मायेपोटी असले तरी या रुग्णासाठी बहुधा चुकीचे असेल.

डायलिसिसवरच्या रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत हृदयविकाराच्या खालोखाल जंतुसंसर्गाचा क्रमांक लागतो, आणि त्यात न्यूमोनियाचा वाटा मोठा असतो. याचे कारण असे की रक्तात साचून राहणाऱ्या टाकाऊ द्रव्यांमुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असूनही नीट काम करत नाहीत. त्यात पुष्कळांना मधुमेह असतो, भूक मंदावल्याने अंगावरचे मांस झडलेले असते, फुफ्फुसांत थोडेफार पाणी असल्यास जंतूंना आयतीच ओल मिळते, आणि लस घेतली तरी तिचा परिणाम इतरांच्या मानाने कमी होतो. शिवाय हा रुग्ण आजारी असला म्हणून घरी बसू शकत नाही. दर खेपेस चार-चार तास, एकाच खोलीत, दोन हातांवर दुसऱ्या खाटा असताना त्याला पडून राहावेच लागते. इन्फ्लुएन्झा, कोविड किंवा साधी वाटणारी सर्दी अशा खोलीत एकाकडून दुसऱ्याकडे सहज जाते.

धाप पाण्याची की संसर्गाची?

हा प्रश्न घरच्यांना नेहमी पडतो, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की घरी बसून तो सोडवू नये. तरीही काही खुणा ठाऊक असाव्यात. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात वजन फार वाढले असेल, म्हणजे 50 किलोच्या माणसाचे दोन किलोंहून अधिक, घोट्यावर अंगठा दाबून धरल्यावर खड्डा तसाच राहत असेल, आडवे झाले की जीव गुदमरतो आणि उठून बसले की बरे वाटते असे होत असेल, तर फुफ्फुसांत पाणी साचल्याचा संशय बळावतो. पिवळा-हिरवा किंवा गंजाच्या रंगाचा बेडका, श्वास घेताना एका बाजूला टोचणारी कळ, अंगदुखी आणि ताप या संसर्गाच्या खुणा. परंतु दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि पुष्कळदा असतातही. संसर्गाने आजारी पडलेला रुग्ण डायलिसिस चुकवतो, पाणी वाढते, आणि पाण्याने भिजलेल्या फुफ्फुसात संसर्ग आणखी पसरतो. त्यामुळे «पाणी काढले की बरे वाटेल» असे म्हणून पुढच्या वारापर्यंत थांबणे जितके धोक्याचे, तितकेच «नुसता कफ आहे» म्हणून डायलिसिस पुढे ढकलणेही धोक्याचे.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे ताप. या रुग्णांचे शरीराचे तापमान एरवीच थोडे कमी असते, आणि न्यूमोनिया जोरात असूनही तापमापक 99.5 अंश फॅरनहाइटच्या पुढे जात नाही असे होऊ शकते. म्हणून बरा असताना सकाळी तीन-चार दिवस तापमान मोजून रुग्णाचा नेहमीचा आकडा लिहून ठेवावा, आणि 99.5 दिसले की 101 ची वाट न पाहता केंद्राला फोन करावा. म्हाताऱ्या माणसांत तर तापाऐवजी पहिली खूण म्हणून नुसती ग्लानी, बरळणे, जेवणावरून मन उडणे किंवा यंत्रावर असताना वारंवार रक्तदाब उतरणे एवढेच दिसते. मधुमेही रुग्ण गुंगीत वाटला तर आधी बोटाची साखर तपासावी, कारण मूत्रपिंडे बंद असल्यामुळे इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकते आणि आजारपणात दोन घास कमी गेले तरी साखर धाडकन उतरते.

ज्यांच्या मानेत किंवा छातीवर नळी, म्हणजे कॅथेटर बसवलेला आहे, त्यांना डायलिसिस सुरू झाल्यावर हुडहुडी भरून ताप आला, तर तो छातीचा नसून नळीतून रक्तात गेलेल्या जंतूंचा असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी अँटिबायोटिक देण्यापूर्वी रक्ताची कल्चर तपासणी, म्हणजे रक्तात कोणते जंतू आहेत ते शोधणारी तपासणी, घ्यायला हवी, हे नातेवाइकांनी आठवणीने विचारावे. नळीवर अंघोळीचे पाणी जाऊ देऊ नये आणि ती उघडताना रुग्णानेही मास्क लावावा.

घरी काय मोजायचे आणि कसे

वजनकाटा, तापमापक आणि बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर, एवढ्या तीन वस्तू घरात असल्या की पुरे. ऑक्सिमीटर नेहमी फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) नसलेल्या हाताच्या बोटाला लावावा, कारण फिस्टुलाच्या हातात बोटांकडे जाणारे रक्त कमी असू शकते आणि आकडा खोटा खाली दिसतो. बोट गार असेल तर चोळून गरम करावे, नखावर नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नसावी, आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबावे. 94 च्या खाली आकडा आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. 90 च्या खाली आला तर फोनवर विचारपूस करत न बसता निघावे. ज्यांना आधीपासून दम्याचा किंवा विडीने झालेला फुफ्फुसाचा जुना आजार आहे, त्यांचा आकडा एरवीही कमी असू शकतो, म्हणून त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी.

माझ्या मते मात्र ऑक्सिमीटरपेक्षाही अधिक भरवशाची खूण श्वासांची संख्या ही आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही. रुग्ण शांत बसलेला किंवा झोपलेला असताना त्याला न सांगता त्याच्या पोटाकडे पाहावे, घड्याळाचा सेकंदकाटा धरावा आणि पोट किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजावे. सांगून मोजले की माणूस नकळत श्वास आवरतो. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करण्याचा आळसही करू नये, कारण आजारी माणसाचा श्वास एका लयीत चालत नाही. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण 12 ते 20 असतात. विसाव्यात असूनही ते 24 च्या वर गेले असतील, तर ऑक्सिजन 96 दिसत असला तरी दवाखाना गाठावा. एका दमात पूर्ण वाक्य बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर मोजमाप सोडून थेट 108 ला फोन करावा.

108 वरचा माणूस बहुधा कन्नडमध्ये बोलतो, आणि घाबरलेल्या वेळी खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या किंवा चिकोडीच्या मळ्यातल्या माणसाला शब्द सुचत नाहीत. म्हणून «डायालिसिस पेशंट इद्दारे, उसिराटद तोंदरे इदे» (डायलिसिसचा रुग्ण आहे, श्वासाचा त्रास होतो आहे) हे वाक्य आणि आपल्या घराची ठळक खूण, म्हणजे कुठला फाटा, कुठले देऊळ, कुठली शाळा, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवावे. घरातल्या शाळकरी मुलाला ते वाचून दाखवता यायला हवे.

एक फाईल, आणि तिचे पहिले पान

सीमाभागात एक अडचण अशी आहे की जी मोठ्या शहरातल्या रुग्णाला सहसा येत नाही. निपाणीकराचे मूत्रपिंडतज्ज्ञ कोल्हापुरात असतात, कागवाड-अथणीकडच्या माणसाचे मिरजेत, डायलिसिस मात्र तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा बेळगावात होते, आणि ताप आल्यावर पहिली गोळी गावातले डॉक्टर देतात. या तिघांनी एकमेकांचे कागद पाहिलेले नसतात. कुणाचे कागद कन्नडमध्ये, कुणाचे इंग्रजीत. अशा स्थितीत रुग्णाच्या पिशवीतली फाईल हाच तिघांमधला एकमेव दुवा असतो.

त्या फाईलचे पहिले पान डायलिसिस केंद्राच्या सिस्टर किंवा टेक्निशियनकडून इंग्रजीत लिहून घ्यावे, म्हणजे बेळगाव असो वा मिरज, कुठेही ते वाचता येईल. त्यावर डायलिसिसचे वार आणि शेवटची तारीख, ड्राय वेट (अंगातले जादा पाणी काढल्यावरचे वजन), लघवी होते की नाही आणि किती, फिस्टुला कोणत्या हाताला आहे, मानेत नळी आहे का, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या शेवटच्या तपासणीचा निकाल, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे आणि कोणत्या लसी कधी घेतल्या, एवढे असावे. विषाणूंच्या तपासणीचा निकाल सोबत नसेल तर दुसऱ्या रुग्णालयात यंत्र मिळायला तासन्‌तास जातात, आणि धाप लागलेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक कार्डाची आणि आधारची प्रतही त्याच फाईलमध्ये असू द्यावी.

खोकला सुरू झाला त्या दिवशी

डायलिसिसचा वार असो वा नसो, आधी केंद्राला फोन करावा आणि लक्षणे सांगावीत. न सांगता मास्कशिवाय जाऊन बसणे हे शेजारच्या खाटेवरच्या माणसावर अन्याय करणे आहे. सांगितले तर केंद्राला तुम्हाला कोपऱ्यातली खाट देता येते, दोन खाटांत किमान सहा फूट अंतर ठेवता येते किंवा दिवसाच्या शेवटच्या पाळीत घेता येते. «खोकला आहे, चार दिवस येऊ नका» असे कुणी म्हटले, तर मग डायलिसिस कुठे आणि कधी होणार हे तिथेच विचारून लिहून घ्यावे. आजारपणात डायलिसिस बंद ठेवणे हा पर्याय नाही.

पाण्याची रोजची मर्यादा तापातही तीच राहते, डॉक्टरांनी स्वतः बदलली तरच बदलते. घसा कोरडा पडला तर गुळण्या कराव्यात, बर्फाचा छोटा खडा चघळावा, वाफ घ्यावी. काढा, सूप, पेज, चहा, औषधाबरोबरचे पाणी हे सगळे त्याच मर्यादेत धरावे. शहाळे, फळांचे रस आणि गुळवेल-तुळशीचे वाटीवाटीने घेतले जाणारे काढे टाळावेत. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळ्यांत सोडियम बरेच असते, त्याही नकोत.

तापासाठी पॅरासिटामॉल चालते, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने. अंगदुखीवर सर्रास मिळणारी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असलेली गोळी घेऊ नये. ती उरलीसुरली लघवीही बंद पाडू शकते आणि पोटात रक्तस्राव करू शकते. नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांनी रक्तदाब चढतो. अँटिबायोटिकच्या बाबतीत गावातल्या डॉक्टरांना फाईलचे पहिले पान दाखवणे फार गरजेचे आहे, कारण जेंटामायसिन किंवा अमिकासिनने ऐकू येणे कायमचे कमी होऊ शकते, आणि सेफेपाइमसारख्या औषधाचा नेहमीचा डोस मूत्रपिंड नसलेल्या माणसाला भ्रमात टाकू शकतो. मग तो भ्रम आजाराचा समजून आणखी औषध दिले जाते. इन्फ्लुएन्झावरचे ओसेल्टामिव्हिर हे या रुग्णांना नेहमीच्या रोज दोन गोळ्यांच्या हिशेबाने द्यायचे नसते. हेमोडायलिसिसच्या, म्हणजे यंत्रावरच्या डायलिसिसच्या, रुग्णाला ते साधारण 30 मिलिग्रॅम, डायलिसिस झाल्यानंतर, असे देतात. पुष्कळशी औषधे यंत्रावर रक्तातून धुऊन निघतात, म्हणून प्रत्येक नव्या गोळीबद्दल «डायलिसिसच्या आधी की नंतर?» हा प्रश्न विचारावाच.

इंजेक्शन, सलाईनची सुई आणि रक्तदाबाचा पट्टा यांतले काहीही फिस्टुलाच्या हाताला लागू देऊ नये. जोराच्या तापात रक्तदाब उतरला की फिस्टुला बंद पडण्याचा धोका असतो. तिथली थरथर सकाळ-संध्याकाळ हात लावून पाहावी आणि ती लागेनाशी झाली तर लगेच कळवावे. ग्लानीत असलेल्या माणसाला झोपलेल्या स्थितीत घास किंवा पाणी भरवू नये; ते श्वासनलिकेत जाते आणि आधीच्या न्यूमोनियावर दुसरा न्यूमोनिया होतो.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला, वजन उतरत चालले, संध्याकाळी कणकण येते, किंवा एका बाजूच्या छातीत पाणी झाल्याचे एक्स-रेत दिसले, तर क्षयरोगाची तपासणी व्हायलाच हवी. डायलिसिसच्या रुग्णांत क्षयरोग इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि तो पुष्कळदा फुफ्फुसाबाहेर, गाठींत किंवा फुफ्फुसाच्या आवरणात लपलेला असतो. सरकारी रुग्णालयात बेडक्याची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात; फक्त पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल यांचे वेळापत्रक डायलिसिसच्या दिवसांशी जुळवावे लागते, म्हणून क्षयरोग केंद्र आणि डायलिसिस केंद्र यांना एकमेकांची माहिती द्यावी.

लसी

इन्फ्लुएन्झाची लस दर वर्षी घ्यायची असते. आपल्या देशात या तापाच्या दोन लाटा येतात, एक जानेवारी ते मार्चमध्ये आणि दुसरी पावसाळ्यात व त्यानंतर. त्यामुळे मृगाच्या आधी, म्हणजे मे महिन्यात लस झालेली बरी. इंजेक्शनची लस घ्यावी, नाकात फवारायची जिवंत विषाणूची नव्हे. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरच्या लसींत त्याच्या 13 प्रकारांवरची घेतली असेल तर किमान 8 आठवड्यांनी 23 प्रकारांवरची द्यायची असते, आणि 65 वर्षांखालच्या डायलिसिस रुग्णाला ती 5 वर्षांनी पुन्हा एकदा लागते. 20 प्रकारांवरची मिळाली तर एकीने काम भागते. या लसी बहुतेकांना विकत घ्याव्या लागतात. खर्च जड वाटला तर मूत्रपिंडतज्ज्ञांशी बोलून आधी कोणती ते ठरवावे, पण सगळेच पुढच्या वर्षावर टाकू नये. लस फिस्टुला नसलेल्या दंडात घ्यावी, आणि डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू न देणारे हेपॅरिन दिले जात असल्यास टोचलेली जागा नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरावी. रुग्णाइतकीच त्याच्यासोबत राहणाऱ्यांचीही लस मोलाची असते, विशेषतः शाळेतून खोकला घेऊन येणाऱ्या नातवंडांची.

धूर, वडाप आणि पाहुणे

या भागात श्वासाला त्रास देणाऱ्या गोष्टी ऋतूनुसार बदलतात. कारखाने सुरू झाले की पाचट पेटवले जाते आणि गुऱ्हाळांचा धूर वस्तीवर उतरतो. निपाणीकडे तंबाखूची धूळ वर्षभर असते. आणि कित्येक घरांत मशेरीसाठी तंबाखू अजून चुलीवरच भाजला जातो. मशेरी भाजणे बंद करावे, निदान रुग्णाच्या घरात तरी. शेजारच्या फडात पाचट पेटणार असल्याचे समजले तर रुग्णाला त्या दिवशी दुसऱ्या गल्लीत नेणे अशक्य नसते. विडी सुटत नसेल तर त्यासाठी डॉक्टरांची मदत घ्यावी. लाज बाळगू नये.

केंद्रावर जाताना गच्च भरलेल्या वडापमध्ये मास्क नाक झाकून लावावा आणि काच उघडी ठेवावी. त्याच वारी त्याच बाजूला जाणारे दोन-तीन रुग्ण असतील तर मिळून एक गाडी ठरवणे सोयीचे पडते, मात्र त्यांतला एक खोकत असेल तर त्या दिवशी त्याने वेगळे जावे. आजारी माणसाला बघायला जाण्याची आपली रीत चांगली असली तरी सर्दी झालेल्या पाहुण्याला दारातूनच रामराम करण्याचे धैर्य घरातल्या एकाने दाखवावे. रुग्णाला ते जमत नाही. गणपतीत आरतीला बसायचे झाले तर मंडपात बसण्याऐवजी घरच्या गणपतीपुढे बसावे.

पावसाळ्यात वेदगंगा-दूधगंगा किंवा कृष्णेला पूर आला, वा कणकुंबी-जांबोटीकडचा रस्ता बंद पडला, की डायलिसिस चुकते आणि फुफ्फुसांत पाणी चढते. 2019 च्या पुरानंतर याविषयी वेगळे सांगायची गरज उरलेली नाही. पाणी चढू लागल्याची बातमी आली की पूल बंद होण्याची वाट न पाहता केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा, आणि पोहोचेपर्यंत पाणी, मीठ व फळे नेहमीपेक्षा कमी घ्यावीत.

बरे झाल्यावर

न्यूमोनियातून उठलेल्या माणसाचे मांस झडलेले असते, म्हणजेच त्याचे खरे ड्राय वेट खाली आलेले असते. फाईलमध्ये मात्र जुनाच आकडा असतो, आणि यंत्रावर त्याच आकड्यापर्यंत पाणी काढले जाते. काट्यावर सगळे ठीक दिसते. प्रत्यक्षात कमी झालेल्या मांसाची जागा पाण्याने घेतलेली असते, आणि दोन-तीन आठवड्यांत रात्री उशी वाढवून झोपायची वेळ येते. म्हणून रुग्णालयातून सुटल्यावरच्या पहिल्याच डायलिसिसला ड्राय वेट नव्याने ठरवायला सांगावे, भूक परत येऊन अंग भरू लागले की ते पुन्हा तपासून घ्यावे, आणि फाईलच्या पहिल्या पानावरचा जुना आकडा खोडून नवा तारखेसह लिहावा. विडी ओढणाऱ्यांनी सुमारे सहा आठवड्यांनी छातीचा एक्स-रे पुन्हा काढून डाग पूर्ण गेला की नाही हे पाहून घ्यावे.